बालकांतील कोविड : गृहोपचाराची मर्यादा आणि वैद्याचे कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपुष्टात आल्याचे घोषित केले. तथापि आणीबाणी संपली म्हणजे विषाणू संपला, असे नव्हे. २०२५ च्या मे-जूनमध्ये देशात रुग्णसंख्या पुन्हा वाढली, तेव्हा हा अनुभव सर्वांनी घेतला. रुग्णसंख्या वाढली की पालकांच्या मनात पहिली शंका येते ती मुलांविषयी. आणि ही शंका बहुधा मोठ्या रुग्णालयात विचारली जात नाही. ती वैद्याच्या चिकित्सालयात अथवा औषधी दुकानाच्या काउंटरवर विचारली जाते. "बाळाला ताप आहे, काढा देऊ का?", "घरात आजोबांना कोविड झाला आहे, मुलांना आधीच काही द्यावे का?", "ताप उतरला, आता शक्तीसाठी काय द्यावे?" असे हे प्रश्न असतात.

या प्रश्नांचे उत्तर म्हणून एखादी बाटली वा पुडी पुढे करणे सोपे आहे. परंतु बालकांतील कोविड बहुसंख्य वेळा आपोआप बरा होणारा व्याधी असल्याने दिलेल्या प्रत्येक औषधास यश आल्याचा भास होतो. ज्या थोड्या बालकांत व्याधी गंभीर होतो, तेथे औषध कोणते दिले यापेक्षा ते बालक रुग्णालयात वेळेवर पोहोचले की नाही, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. म्हणूनच कुटुंबास निरीक्षण शिकविणे, अपाय टाळणे आणि योग्य क्षणी रुग्णालयाकडे पाठविणे हेच या व्याधीत वैद्याचे व औषधविक्रेत्याचे प्रमुख कर्म होय, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने विचार केला आहे.

व्याधीचे स्वरूप

भारतात कोविडचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला. २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसऱ्या लाटेनंतर "तिसरी लाट मुलांची" अशी भीती सर्वत्र पसरली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली खरी, परंतु बहुसंख्य बालकांत ती सौम्यच राहिली. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षे वयोगटाचे आणि १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षे वयोगटाचे लसीकरण देशात सुरू झाले.

बालकांत ज्वर, कास, प्रतिश्याय, कंठशूल व अंगमर्द ही लक्षणे सामान्यतः दिसतात. काहींना छर्दी व अतिसारही होतो. ज्वर बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो आणि आठवड्याभरात मूल खेळू लागते. ओमायक्रॉननंतर लहान मुलांत स्वरयंत्राला सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला व श्वास आत घेताना घरघर, असे रुग्णही अधिक आढळले. अशा घरघरीकडे साधा घसा बसला म्हणून दुर्लक्ष करू नये.

सौम्यतेच्या या नियमास अपवाद आहेत, व ते वैद्याने इतिहास घेतानाच हेरले पाहिजेत. एक वर्षाखालील बालके, त्यांतही तीन महिन्यांखालील अर्भके. जन्मजात हृद्रोग, फुप्फुसाचे दीर्घकालीन विकार, मधुमेह वा अतिस्थौल्य असलेली मुले. वृक्कविकारासाठी स्टेरॉइड घेत असलेली मुले. कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुले. तसेच विदर्भ व नंदुरबारसारख्या भागांत आढळणारा सिकलसेल विकार असलेली मुले, या सर्वांच्या बाबतीत केवळ गृहोपचारावर विसंबू नये. त्यांच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाशी पहिल्याच दिवशी संपर्क साधावयास सांगावे आणि त्यांची चालू औषधे कोणत्याही परिस्थितीत परस्पर बंद करू नयेत.

पावसाळ्यात व त्यानंतर आपल्याकडे डेंगी, हिवताप व लेप्टोस्पायरोसिस हे ज्वरही असतात. घरात कोविडचा रुग्ण आहे म्हणून मुलाचा ज्वर कोविडचाच, असा निष्कर्ष काढू नये. ज्वर तीन दिवसांपलीकडे टिकल्यास रक्ततपासणीचा आग्रह धरावा.

बोलता न येणाऱ्या रुग्णाची परीक्षा

काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. ज्या बालकास आपली पीडा सांगता येत नाही, त्याच्या रडण्यावरून, हातापायांच्या हालचालींवरून व स्तन घेण्या-न घेण्यावरून व्याधी कसा ओळखावा, याचे विवेचन त्यात केले आहे. कौमारभृत्याची ही परंपरा कोविडमध्ये अत्यंत उपयोगी पडणारी आहे, कारण आजचे बालरोगशास्त्रही नेमके हेच सांगते : आकड्यांआधी मुलाकडे पहा. ज्वर उतरल्यावर मूल हसते का, आईकडे पाहते का, दूध पिते का, हे थर्मामीटरपेक्षा अधिक बोलके असते.

यानंतर श्वासाची गणना करावी. मूल शांत वा झोपलेले असताना, अंगावरील कपडा बाजूस करून, पोटाची हालचाल पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील अर्भकात मिनिटास ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक आणि पाच वर्षांवरील मुलांत ३० किंवा अधिक श्वास होत असल्यास तो शीघ्रश्वास समजावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ज्यास बोलीत "पोट उडणे" म्हणतात, नाकपुड्या फुलणे व कण्हणे ही त्याहून गंभीर चिन्हे होत. आईस एकदा समोर बसवून श्वास मोजून दाखवावा. पाच मिनिटांचे हे शिक्षण कोणत्याही प्राश वा वटीपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

ऑक्सिमीटर असल्यास ९४ टक्क्यांखालील मापन चिंतेचे व ९० टक्क्यांखालील मापन अत्यंत गंभीर मानावे. मात्र प्रौढांच्या बोटाचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटास लावल्यास चुकीचे आकडे येतात. म्हणून आकडा चांगला आला तरी मूल वाईट दिसत असेल, तर मुलावर विश्वास ठेवावा, यंत्रावर नव्हे.

आहार, जल व ज्वर

"ताप आहे, पोट रिकामे ठेवा" असा सल्ला अद्यापही काही घरांत दिला जातो, आणि त्यास आयुर्वेदाचा आधार असल्याचे सांगितले जाते. ज्वराच्या आरंभी लंघन सांगणाऱ्या शास्त्रानेच बाल, वृद्ध व गर्भिणी यांना लंघनातून वगळले आहे, हे येथे निक्षून सांगणे आवश्यक आहे. लहान मुलाचा साठा अल्प असतो. उपवास व निर्जलता यांनी ते कोविडपेक्षा लवकर कोसळते.

क्षीराद बालकास स्तनपान चालूच ठेवावे. आईस कोविड झाला असला तरीही ते थांबवू नये. तिने हात धुवून, मास्क लावून पाजावे. क्षीरान्नाद व अन्नाद बालकांस तांदळाची पेज, मुगाचे कढण, साळीच्या लाह्यांचे पाणी, मऊ भात व वर थोडे तूप असे थोडे-थोडे, वारंवार द्यावे. जुलाब वा उलट्या असल्यास ओआरएसची पुडी वेष्टनावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात एकाच वेळी पूर्ण मिसळावी. पुडीतील चिमूटभर पावडर पेल्यात टाकणे चुकीचे आहे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप व त्यावरील मुलास अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरुवात करावी. मुलास दिवसभरात लघवी किती वेळा झाली, याची नोंद आईने ठेवावी.

ज्वरासाठी पॅरासिटामॉल बहुतेक घरांत असतेच. त्याची मात्रा शरीरभारानुसार, किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, व दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, अशी आहे. थेंबांच्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये औषध सिरपपेक्षा कितीतरी अधिक असते. थेंब व सिरप यांतील गोंधळ हे मात्राधिक्याचे एक प्रमुख कारण असल्याने विक्रेत्याने बाटलीवर मिलिलिटरमध्ये मात्रा लिहून द्यावी. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. विषाणुजन्य ज्वरात त्यामुळे यकृत व मेंदूस घातक असा विकार उद्भवू शकतो. डेंगीची शंका असता आयब्युप्रोफेनही टाळावे. प्रतिजैविके व स्टेरॉइड यांना सौम्य कोविडमध्ये स्थान नाही, हे केंद्र शासनाच्या जानेवारी २०२२ च्या बालकांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट केले आहे.

निरुपद्रवी वाटणारे उपाय

घरगुती उपायांनी निदान अपाय तरी होणार नाही, ही समजूत बालकांच्या बाबतीत खरी नाही. पुढील गोष्टी पालकांस आवर्जून सांगाव्यात.

काढा. सुंठ, मिरे, लवंग, दालचिनी यांचे तीक्ष्णोष्ण काढे २०२० मध्ये घरोघरी दिवसातून अनेकदा घेतले गेले आणि दाह, मुखपाक, अम्लपित्त अशा तक्रारी घेऊन रुग्ण आले. बालक हे कोमल व अल्पबल. त्याची प्रकृती, ऋतू व अग्नी न पाहता प्रौढांचा काढा त्यास देणे हे आयुर्वेद नव्हे.

मध. चाटण म्हटले की मध, ही आपली सवय आहे. परंतु एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. त्यात बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून पक्षाघातसदृश विकार होऊ शकतो. या वयात अनुपान म्हणून मातेचे दूध अथवा तूप योजावे. कोणास लेहन द्यावे व कोणास देऊ नये, याचा विचार काश्यपसंहितेच्या लेहाध्यायातही आहे. लेहन सरसकट सर्वांस द्यावे, असे तेथेही अभिप्रेत नाही.

बाळगुटी. गुटीतील जायफळ जास्त उगाळले गेल्यास बाळास गुंगी येते. एरवी आईस ते "शांत झोपले" असे वाटते. परंतु आजारपणात गुंगी हेच धोक्याचे पहिले चिन्ह असल्याने जायफळाने ते झाकले जाते. ज्वर असेपर्यंत गुटी बंद ठेवावी, हे उत्तम.

वाफारा. उकळत्या पाण्याच्या भांड्याने मुले भाजल्याच्या घटना कोविडकाळात वाढल्या. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयाने २०२० मध्येच याविषयी इशारा दिला होता. वाफेने विषाणू मरत नाही. लहान मुलांना वाफारा देऊ नये.

कापूर व तेल. कापराच्या पोटल्या त्या काळात फार खपल्या. कापूर मुलाच्या पोटात गेल्यास थोड्या मात्रेतही आकडी येऊ शकते. तो मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नये व नाकाखाली चोळू नये. खोकणाऱ्या तान्ह्याच्या नाकात तेल ओतल्यास ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. प्रतिमर्श नस्याच्या नावाखाली ही प्रथा चालू ठेवणे योग्य नाही.

औषधयोजना व विक्री

ज्वर म्हटला की त्रिभुवनकीर्ती, हे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. या कल्पात वत्सनाभ व हिंगुळ आहेत, धत्तूरस्वरसाची भावनाही आहे. अशी विषद्रव्ये असलेली आयुर्वेदीय औषधे औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात येतात व त्यांवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना असते. बालकासाठी ती वैद्याच्या लेखी पत्राविना देऊ नयेत, एवढा नियम प्रत्येक दुकानाने स्वतःस घालून घ्यावा.

गुडूचीविषयीही सावध बोलणे आता अपरिहार्य आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही प्रौढ रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हा संबंध अमान्य केला आणि गुडूचीसारख्याच दिसणाऱ्या अन्य जातीशी, टिनोस्पोरा क्रिस्पाशी, गल्लत होण्याची शक्यता दाखविली. वाद कोणत्याही बाजूने सुटो, वैद्याचे कर्तव्य दोन्ही पक्षी एकच राहते : द्रव्याची ओळख पटविणे, कालमर्यादा ठरविणे, कुटुंबात यकृताचे वा स्वप्रतिकारजन्य विकार आहेत का हे विचारणे, आणि कावीळ, अरुची वा गडद मूत्र दिसताच औषध तत्काळ थांबविणे. "प्रतिकारशक्तीसाठी महिनोन्महिने घ्या" असे मुलांच्या बाबतीत सांगू नये. आयुष-६४ सारख्या कल्पांचे कोविडमधील चिकित्साप्रयोग प्रौढांवर झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष बालकांवर जसेच्या तसे लादणे शास्त्रीय ठरणार नाही.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे वृक्कघातक द्रव्य आढळले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची सिरपे देऊ नयेत व पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत, असे सूचित केले. ती घटना आधुनिक औषधाची होती, म्हणून आपण निश्चिंत राहावे असे मुळीच नाही. आयुर्वेदीय सिरपच्या निर्मात्याचा परवाना, बॅच क्रमांक व मुदत पाहणे, देयक देणे व नोंद ठेवणे हे आपणांसही तितकेच बंधनकारक आहे.

कोविड बरा करण्याचे वा हमखास टाळण्याचे दावे करणाऱ्या आयुष औषधांच्या जाहिराती रोखण्याचे निर्देश मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच दिले होते. दुकानातील हस्तलिखित फलकही जाहिरातच असतो, याचे भान ठेवावे.

घरात रुग्ण असता

निःश्वास, स्पर्श व सहवास यांनी पसरणाऱ्या औपसर्गिक रोगांची कल्पना सुश्रुतांनी मांडली आहे. संपर्क टाळण्याचे महत्त्व कुटुंबास पटविताना तिचा आधार घ्यावा. घरातील एखाद्यास कोविड झाल्यास मुलाची काळजी घेणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी, ती सुदृढ व लसीकरण झालेली असावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पाच वर्षे व त्याखालील मुलांस मास्क लावू नये. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली व बारा वर्षांवरील मुलांनी प्रौढांप्रमाणे वापरावा. मूल आजारी असल्यास आजी-आजोबांजवळ त्यास काही दिवस झोपवू नये. मुलास सौम्य असणारा हा व्याधी त्यांस सौम्य असेलच असे नाही.

संपर्कानंतर लक्षणे बहुधा दोन ते पाच दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा दिसतात. या काळात निरोगी मुलास कोणतेही प्रतिबंधक औषध सक्तीने देण्याची आवश्यकता नाही. ताजे अन्न, पुरेशी झोप व निरीक्षण पुरेसे आहे. नियमित लसीकरणाच्या तारखा मात्र चुकवू नयेत.

त्यानंतरचे सहा आठवडे

मूल बरे झाले म्हणजे आपले काम संपले, असे समजू नये. कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या बालकांत सार्वदेहिक शोथाचा एक गंभीर विकार उद्भवतो. २०२० च्या एप्रिलअखेर इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञांनी त्याविषयी प्रथम सावध केले, आणि त्याच वर्षी मुंबईसह भारतातही असे रुग्ण आढळले. ओमायक्रॉननंतर त्याचे प्रमाण बरेच घटले आहे, तथापि तो पूर्णतः नाहीसा झालेला नाही.

तीन वा अधिक दिवस ज्वर, तीव्र पोटदुखी, उलट्या-जुलाब, डोळे लाल होणे, अंगावर पुरळ, ओठ-जीभ लाल होणे, हातपाय सुजणे व नंतर ते गार पडणे, असे त्याचे चित्र असते. पोटदुखी प्रधान असल्याने अजीर्ण वा कृमी समजून पाचक देण्याचा मोह होतो. आणि तेवढ्या दिवसांत हृदय दुबळे होऊन मूल अवसन्न होते. वेळेवर अतिदक्षता उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. म्हणून ज्वर व पोटदुखी असलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांस एक प्रश्न विचारावा : "गेल्या दीड महिन्यात घरात कुणाला कोविड किंवा ताप-खोकला झाला होता का?"

कुटुंबास द्यावयाचे सूचनापत्रक

पुढील मजकूर चिकित्सालयात व दुकानात ठळक अक्षरांत लावावा आणि त्याच्या प्रती पालकांस द्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे, जर —
१. वय तीन महिन्यांखाली असून अंग १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक तापले असेल;
२. श्वास वेगाने चालत असेल, पोट उडत असेल, घरघर वा कण्हणे असेल;
३. ओठ वा जीभ निळसर वा फिकट दिसत असेल;
४. मूल दूध-पाणी घेत नसेल, किंवा प्रत्येक घोट उलटून पडत असेल;
५. सहा ते आठ तास लघवी झाली नसेल;
६. मूल सुस्त असेल, जागे करूनही नीट जागे होत नसेल, किंवा आकडी आली असेल;
७. ज्वर तीन दिवसांहून अधिक टिकला असेल, किंवा उतरून पुन्हा चढला असेल;
८. कोविडनंतर दीड महिन्याच्या आत ज्वरासह पोटदुखी, लाल डोळे वा पुरळ दिसत असेल.
रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

रुग्ण दुसरीकडे पाठविला तर तो हातचा गेला, ही भावना व्यवसायात स्वाभाविक असली तरी अनुभव त्याच्या उलट आहे. ज्या वैद्याने "हे घरी बरे होणार नाही, आत्ताच निघा" असे वेळेवर सांगितले, त्याच्याकडे ते कुटुंब पुढील पिढीपर्यंत येत राहते. साध्य व असाध्य यांचा विवेक करून मगच कर्मास प्रवृत्त व्हावे, ही आपल्या शास्त्राची शिकवण आहे. बालकांच्या कोविडमध्ये त्या विवेकास एका घड्याळाची, एका मिनिटाच्या श्वासगणनेची आणि थोड्या स्पष्टवक्तेपणाची जोड द्यावयाची आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने हे पत्रक आपल्या भिंतीवर लावावे आणि आपल्या मदतनिसांसही ते समजावून द्यावे, हीच विनंती.